होडी नसताना कोकण किनाऱ्यावर गळासाठी जागा कशी शोधायची

कोकणात पहिल्यांदा गळ टाकायला येणारा माणूस बहुतेक वेळा एकच चूक करतो. संध्याकाळ मोकळी मिळाली म्हणून पाच वाजता किनाऱ्यावर येतो, गाडी जिथे लागते तिथेच उभा राहतो आणि अंगात असेल तेवढ्या जोराने गळ लांब फेकतो. दोन तासांत एखादी शिंगटी लागते, तीन शिसं खडकात अडकून जातात आणि ‘इथे मासाच नाही’ असं ठरवून तो परततो. मासा असतो. त्या वेळच्या पाण्याला तिथे नसतो, एवढंच.

म्हणून ‘जागा’ हा शब्द वेळेसकट घ्यायचा. तीच खडप (किनाऱ्यावरचा खडकाळ भाग) सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, कोरडी असते, भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला तिच्या कडेने तांबोशी फिरते आणि भरती पूर्ण भरली की तिथे उभं राहणंही धोक्याचं होतं. होडीवाला माशाच्या मागे जाऊ शकतो. तुम्हाला मासा कुठून आणि कधी येणार हे ओळखून आधी जाऊन थांबावं लागतं. खाली दिलेली पद्धत रायगडपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याला लागू पडते. तिचा गाभा एका ओळीचा आहे: जागा सुकतीला शोधायची, गळ भरतीला टाकायचा.

जवळ काय हवं

पहिल्या दोन-तीन फेऱ्या फक्त पाहणीच्या. त्यासाठी एवढं पुरे:

- त्या आठवड्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक, वेळेबरोबर पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेलं
- मोबाइल आणि त्यात आधीच उतरवून घेतलेला उपग्रह नकाशा. खडपांवर नेटवर्क असेलच असं नाही
- पोलराइज्ड चष्मा, पाण्यावरची चकाकी कापून तळ दिसण्यासाठी
- साधी काठी-रीळ आणि ३० ग्रॅमची पाच-सहा शिसं, गळ न बांधता
- घट्ट बसणारे, तळव्याला पकड असलेले बूट. रबरी चप्पल शेवाळावर सरळ पाण्यात नेते
- हेडलॅम्प, शिट्टी, दोन लिटर पाणी, फुगणारं लाइफ जॅकेट
- ओळखपत्र, सागरी पोलीस विचारतात आणि त्यांनी विचारणं रास्तच आहे
- वही आणि पेन्सिल (ओल्या हातात पेन चालत नाही)

१. आधी पाण्याचं गणित शिका

भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. दोन भरत्यांमधलं अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटं. त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी आठला मासा लागला म्हणून आज आठलाच येऊन बसणारा पाऊण तास लवकर आलेला असतो, आणि आठवडाभराने आला तर नेमक्या उलट पाण्यावर येतो.

वेळापत्रक हाताशी नसेल तर तिथीचा जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, येईल तो भरती पूर्ण होण्याचा तास. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. हा हिशेब मुंबई-रायगडकडे बऱ्यापैकी बसतो. मालवण-गोव्याकडे भरती साधारण तासभर आधी भरते. उलट खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते, त्यामुळे समुद्राच्या तोंडाची वेळ आत १५ किलोमीटरवर चालत नाही. तिथे धक्क्याच्या खांबावर खूण करून, पाणी कधी थांबतं हे एकदा स्वतः घड्याळ लावून बघा.

उधाण आणि भांग यांतला फरकही समजून घ्या. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण असतं. तेव्हा पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि जोरात वाहतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी आणि ओढ कमी. पाहणीसाठी उधाणाची ओहोटी उत्तम, कारण तळ सर्वांत जास्त उघडा पडतो. गळासाठी मात्र उधाणाचा ऐन दिवस नेहमी चांगला असतोच असं नाही. अरुंद खाडीत ओढ एवढी असते की १०० ग्रॅमचं शिसंही टिकत नाही, आणि वाहून आलेला पालापाचोळा दोरीला लोंबतो. नवख्यासाठी उधाणानंतरचे तीन-चार दिवस सोयीचे: पाणी चालतं असतं, पण काठी हातातून ओढून नेत नाही.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. मुंबई-अलिबागकडे उधाणाला चढ चार मीटरपर्यंत जातो, म्हणजे मधल्या दोन तासांत पाणी दोन मीटर, माणसाच्या डोक्यावर, चढतं. सिंधुदुर्ग-गोव्याकडे एकूण चढच सुमारे दोन मीटरचा, त्यामुळे त्याच दोन तासांत मीटरभर. हे आकडे जागा निवडताना लागतात, आणि जीव वाचवतानाही.

२. घरी बसून नकाशावर चाळणी लावा

उपग्रह नकाशावर किनारा उघडा आणि जुन्या तारखांची चित्रं पाहण्याची सोय असलेलं सॉफ्टवेअर वापरा. एकच चित्र पाहून ठरवू नका; ते भरतीचं आहे की ओहोटीचं हे आधी कळत नाही. पाच-सहा चित्रांमधून सर्वांत जास्त वाळू आणि खडक उघडे पडलेलं निवडा. त्यावर या गोष्टी शोधा:

फिकट पिवळसर म्हणजे उथळ वाळू. काळपट आणि कडा खडबडीत म्हणजे बुडलेली खडप. गडद पट्टा, कडा गुळगुळीत आणि खाडीच्या तोंडातून बाहेर जाणारा, म्हणजे खोल वाट. होड्याही तिथूनच ये-जा करतात. पांढऱ्या फेसाची रेघ जिथे तुटते तिथे खोली आहे. सगळ्यांत महत्त्वाचं: दोन रंग जिथे भेटतात ती रेघ. मासा नुसत्या खडकात किंवा नुसत्या वाळूत कमी सापडतो. तो या दोघांच्या सीमेवरून चालतो.

नौकानयनाच्या ॲपमध्ये किंवा सागरी तक्त्यावर खोलीचे आकडे मिळतात. ते अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेले असतात, त्यामुळे वेळापत्रकातली पाण्याची उंची त्यात मिळवायची. तक्त्यावर १ मीटर आणि त्या वेळची भरती २.२ मीटर असेल तर प्रत्यक्ष पाणी ३.२ मीटर. आकड्याच्या खाली रेघ दिसली तर ती जागा ओहोटीला तेवढी उघडी पडते. खाडीमुखातल्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नका; प्रत्येक पावसाळा वाळूचा दांडा इकडचा तिकडे करतो.

एका सुट्टीसाठी पाच ठिकाणं निवडा, त्यातली तीन प्रत्यक्ष पाहा. चालत पोहोचायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर परतीचा अंधार, ओझं आणि चढतं पाणी यांचा हिशेब आत्ताच करा.

३. ओहोटीची फेरी

हा टप्पा बहुतेक जण टाळतात, आणि सगळा फरक इथेच पडतो. वेळापत्रकात पाण्याची उंची ०.५ मीटरच्या खाली जाईल असा, शक्यतो सकाळचा दिवस निवडा. पूर्ण सुकतीच्या दीड तास आधी पोहोचा, उतरत्या पाण्यामागे चालत जा आणि पाणी फिरलं की माघारी या. गळ नेऊ नका. नेलात तर पाहणी होत नाही.

चालताना हे शोधा.

खडपांत समुद्राकडून आत शिरलेल्या घळी. भरतीचं पहिलं पाणी याच घळींतून येतं आणि त्याबरोबर बोयटं, कोळंबी, छोटे खेकडे. मोठा मासा घळीच्या तोंडावर थांबतो. अशा प्रत्येक तोंडाचा मोबाइलवर खूण करून फोटो काढा आणि फोटोत वरची एखादी कायम दिसणारी खूण घ्या: दीपस्तंभ, माडाची रांग, देवळाचा कळस. भरतीत सगळं सपाट दिसतं. मग दोन खुणा एका रेषेत आणून घळ सापडते.

कालवं आणि शिंपल्यांची चढण. खडकावर कालवं जिथपर्यंत दाट आहेत तिथपर्यंत पाणी रोज येतं. त्याच्या वरचा काळा, निसरडा पट्टा फक्त मोठ्या भरतीत भिजतो. उभं राहायची जागा या काळ्या पट्ट्याच्याही वर हवी.

वाळूतला चर. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पाण्याला समांतर एक खोलगट पट्टा असतो आणि त्याच्या पलीकडे वाळूचा उंचवटा. ओहोटीला चरात पाणी साचून राहतं. हा चर समुद्राला जिथे फुटतो ते तोंड म्हणजे रावसाचा दरवाजा. तिथून किती पावलं आत उभं राहायचं ते मोजून लिहा.

जिवंत तळ. खेकड्यांची बिळं, किड्यांनी वर काढलेली वाळूची वेटोळी, तिसऱ्यांची भोकं, खणलं की निघणारे खुबे. जिथे हे नाही, नुसती कडक स्वच्छ वाळू आहे, तिथे मासा पोट भरायला येणार कशाला?

शेवटी अडकलेल्या दोऱ्या. खडकांत गुरफटलेली नायलॉन दोरी, तुटलेली शिसं, गंजलेले गळ. इथे दुसरं कुणी गरवतं, म्हणजे गळाने मासे धरतं, याची ही पावती. आणि नेमका कुठे गळ अडकतो याचा नकाशाही फुकटात. ती दोरी उचलून पिशवीत टाका. कासवं आणि पक्षी तिच्यात अडकून मरतात.

परतताना मागे वळून पाहा: तुम्ही उभे होतात तिथून किनाऱ्यापर्यंतच्या वाटेत कुठे सखल भाग आहे का? भरती समोरून येते असं वाटतं. प्रत्यक्षात ती आधी मागच्या सखल भागात शिरते आणि तुम्ही बेटावर राहता. असा भाग असेल तर ती जागा रात्रीसाठी कायमची बाद, आणि दिवसाही परतीची वेळ वहीत लाल पेन्सिलीने.

४. जागांचे प्रकार, आणि कुठे काय

*खाडीचं तोंड.* नदी आणि समुद्र भेटतात ती जागा सर्वांत श्रीमंत. सावित्रीवर बाणकोट, वाशिष्ठीवर दाभोळ, वाघोटणवर विजयदुर्ग, कर्लीवर देवबाग, सीमेवर तेरेखोल. गोव्यात शापोरा, मांडवी, झुआरी, साळ. पहिले दोन-अडीच तास चढतं पाणी आणि ओहोटीचा पहिला तास, या वेळा धरा. ओहोटीत खाडीतलं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि समुद्राच्या हिरव्या पाण्याशी त्याची स्पष्ट रेघ दिसते. गळ त्या रेघेवर पडला पाहिजे. इथे रावस, जिताडा, करकरा, कोकर मिळतात. ओढ सर्वांत जास्त इथेच असते, त्यामुळे गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नका. वाळूच्या दांड्याची कड पायाखालून सरकते.

*उघाडी आणि खाजण.* खारभूमीच्या, म्हणजे खाजणाच्या, बंधाऱ्याला पाणी सोडण्यासाठी जी झडपेची दारं असतात ती उघाडी. होडी नसलेल्यासाठी याहून सोपी जागा क्वचितच. ओहोटीत आतलं पाणी उघाडीतून जोरात पडतं, त्यातून कोळंबी आणि बोयटं फेकली जातात, आणि खाली तयार झालेल्या डोहात जिताडा तोंड करून उभा असतो. वेळ: ओहोटी सुरू झाल्यापासून दोन ते तीन तास. पाण्याच्या धारेत गळ टाकू नका. धारेच्या बाजूला जिथे पाणी गोल फिरतं तिथे टाका. कांदळवनाच्या मुळांशी तांबोशी असते. ती लागली की पहिल्या दोन सेकंदांत मुळांत शिरते, म्हणून तिथे रिळाचा ब्रेक घट्ट आणि दोरी जाड. जिताड्याला मालवणात खजुरा आणि गोव्यात चणक म्हणतात. विचारताना तिथला शब्द वापरलात तर उत्तर बरं मिळतं.

*खडप.* तांबोशी, गोबरा, करकरा. ज्या खडपेसमोर ओहोटीलाही दीड-दोन मीटर पाणी राहतं ती दिवसभर चालते. बाकीच्या फक्त अर्ध्या भरतीनंतर. लाट फुटून पांढरं झालेलं पाणी आणि निवळ पाणी यांच्या सीमेवर टाका.

*पुळण.* पायाखाली रुतणारी जाड वाळू असेल तर किनारा उभा आणि पाणी जवळच खोल. अलिबागसारखी घट्ट, बारीक, काळसर वाळू असेल तर पाणी फार लांबपर्यंत उथळ. तिथे ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जाता येतं यावरून अंदाज करा. उभ्या पुळणीवर वीस-तीस मीटरवरही मासा असतो. नवखे त्याच्या डोक्यावरून ऐंशी मीटर फेकतात. मुडदुशी तर अगदी घोटाभर पाण्याच्या कडेला फिरते. जिथे लाट फुटत नाही आणि फेस समुद्राकडे ओढला जातो ती बाहेर जाणारी ओढ: कडेने गळ टाकायला उत्तम, पोहायला जीवघेणी. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जाते ती पुळण स्वच्छ तळाची असते, पण रापण पाण्यात असताना तिथे गळ काढूसुद्धा नका.

*धक्का, जेट्टी.* रात्री दिव्याचा उजेड आणि सावली यांच्या कडेवर मासा थांबतो. बाहेर उजेडात बोयटं, आत सावलीत त्यांना खाणारे. नौदल, मोठी बंदरं आणि प्रवासी फेरीचा धक्का सोडून द्या. बाकी ठिकाणी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून बसा. होड्या लागण्याच्या वेळी दोरी वर.

*गोड-खारट पाण्याचे बांध.* काळुंदर. बारीक गळ, कणकेची गोळी किंवा बांधावरचंच हिरवं शेवाळ. मुलांना शिकवायला हीच जागा.

५. तळ मोजा

निवडलेल्या जागी अर्ध्या भरतीला परत या आणि नुसतं शिसं फेका. शिसं पाण्याला लागल्यापासून दोरी सैल पडेपर्यंत सेकंद मोजा. धक्क्यावर, जिथे खोली दोरीने मोजता येते, तिथे एकदा हे करून आपल्या शिशाचा वेग काढून ठेवा; मग प्रत्येक ठिकाणी सेकंदांवरून खोली कळते. पंख्यासारखं डावीकडून उजवीकडे सात-आठ वेळा फेका.

नंतर शिसं सावकाश ओढा आणि बोट दोरीवर ठेवा. गुळगुळीत सरकलं तर वाळू. जड, चिकट ओढ म्हणजे चिखल. टकटक म्हणजे दगड-शिंपले. अचानक जड होऊन मग सुटलं म्हणजे उतार चढून आलं, आणि तो उतारच तुम्हाला हवा आहे. तिथे रिळावरच्या दोरीला रंगीत धाग्याची गाठ मारा म्हणजे अंधारातही तेवढंच अंतर पडेल.

६. काठी, दोरी, आमिष

यात थोडक्यात. खाडी आणि खडपेसाठी ८ ते ९ फूट, पुळणीसाठी ११ ते १३ फूट काठी. ४००० ते ६००० मापाचं रीळ, २० ते ३० पौंडांची विणलेली दोरी. टोकाला मीटरभर ४० ते ६० पौंडांची जाड नायलॉन दोरी लावलीच पाहिजे. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. बारीक दोरी तिथेच कापली जाते. गळ २/० ते ५/०, शक्यतो आत वळलेल्या टोकाचा गोल गळ, म्हणजे मासा गिळत नाही आणि सोडून देता येतो. मुडदुशीला ८ ते १० नंबर, काळुंदरीला त्याहून बारीक.

खडपेवर शिसं मुख्य दोरीला थेट बांधू नका. ८-१० पौंडांच्या कमजोर तुकड्याने लटकवा. अडकलं तर तो तुटेल आणि शिसं जाईल. मासा आणि बाकी सगळं हातात राहील.

आमिष जागेवरचंच घ्या. खाडीत जिवंत कोळंबी किंवा पागाने (हाताने फेकायच्या जाळ्याने) पकडलेलं बोयट, खडपेवर छोटी कुर्ली किंवा म्हाकूल, पुळणीवर तिसऱ्यांचं मांस आणि वाळूतले किडे. बर्फातली मऊ पडलेली कोळंबी फेकताच सुटते; तीच आणावी लागली तर बारीक लवचीक धाग्याने गळावर गुंडाळा. जिवंत कोळंबीला शेपटीजवळून टोचा. डोक्यातल्या काळ्या ठिपक्याला गळ लागला की ती मरते.

७. लोकांना विचारा, पण नीट

‘काका, इथे मासे मिळतात का?’ याचं उत्तर सगळ्या कोकणात एकच: ‘मिळतात की!’ त्याचा उपयोग शून्य. असं विचारा: ‘काका, सुकतीला त्या खडपेपुढं किती पाणी राहतं?’ ‘डोल कुठल्या वळणावर लावता?’ (डोल म्हणजे ओढीत खांबांना बांधायचं जाळं) ‘उघाडी कधी उघडतात?’ हे प्रश्न पाण्याबद्दल आहेत, त्यांच्या जागेबद्दल नाहीत, त्यामुळे माणूस बोलतो. सकाळी लिलावाच्या वेळी बंदरावर जा, पण लिलाव संपल्यावर बोला. मासे विकणाऱ्या मावशींना ‘खजुरा खाडीतला की समुद्रातला?’ विचारा, त्यांना कोणत्या खाडीतला ते नेमकं माहीत असतं. आणि विचारलंत तर काहीतरी विकतही घ्या.

डोल जाळ्याचे खांब दिसले तर तिथे ओढ पक्की आहे हे समजा, पण खांबापासून पन्नास मीटर दूर राहा. दुसऱ्याच्या जाळ्यात गळ अडकवणाऱ्याला त्या गावात पुन्हा कोणी काही सांगत नाही.

८. ऋतू आणि वारा

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवतो. खाडीतलं पाणी निवळू लागतं तेव्हापासून दिवाळीपर्यंतचा काळ खाडीमुखासाठी सर्वांत चांगला. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो: लाट बसते, फेक लांब जाते, म्हणून पुळण पहाटे. दुपारनंतर खारा वारा तोंडावर येतो, तेव्हा खाडीच्या आतल्या वळणावर जा. एप्रिल-मेच्या उन्हात उथळ पाणी दिवसा मोकळं असतं; पहाट आणि रात्र धरा. जून ते ऑगस्ट उघड्या समुद्राच्या खडपा पूर्ण बंद. फक्त आतल्या खाड्या आणि बांध.

९. जिथे घात होतो

खडपेवर उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लाटा नुसत्या बघा. मोठ्या लाटा ओळीने येतात, मध्ये दहा मिनिटं समुद्र शांत असतो, आणि त्या शांततेत माणूस फसतो. ज्या दगडाला एकदाही पाणी लागलं तो दगड ओला म्हणून सोडा. वारा नसतानाही लांबून आलेली लाट उसळू शकते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते जाण्याआधी पाहा. मे आणि ऑक्टोबरात गडगडाट ऐकू आला की कार्बनची काठी खाली ठेवून निघा.

पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घसटत चाला. वाळूत दडलेली पाकट सरकून जाते. शिंगाळ्याचे काटे विषारी असतात, त्याला पक्कडीनेच धरा. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास भाग बुडवून ठेवा आणि दवाखान्यात जा. फुगून गोळा होणारा केंड खायचा नाही, कुणी ‘साफ करून देतो’ म्हणालं तरी; त्याचं विष शिजवून जात नाही. तटरक्षक दलाचा बचाव क्रमांक १५५४, रुग्णवाहिका १०८. एकटे जात असाल तर कुठे आणि कधी परत हे घरी लिहून ठेवा.

१०. नियम

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तुमच्याकडे नौका नाही, पण हा माशांच्या विणीचा काळ आहे. पोटात गाबोळी असलेली मादी सोडून द्या. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून सर्वांत मोठा जिताडा सोडणं हेच खाडीच्या हिताचं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. त्याहून लहान मासा परत. १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या गाभा भागात, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरात, गळ टाकू नका. वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या पुळणींवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री दिवे घेऊन फिरू नका.

११. वही

प्रत्येक फेरीनंतर एक ओळ: तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि उंची, वारा, पाण्याचा रंग, नेमकी उभं राहायची खूण, आमिष, आणि भरती सुरू झाल्यापासून किती वेळाने पहिला मासा लागला. काहीच न लागलेली फेरीसुद्धा लिहा. घड्याळातली वेळ लिहून उपयोग नाही, ती रोज बदलते. ‘भरती सुरू होऊन २ तास १० मिनिटं’ असं लिहा. पंधरवड्याने तिथी परत येते तेव्हा साधारण तेच पाणी, तेवढ्याच वाजता, त्याच घळीत शिरतं. त्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचा, कारण आमिष लावायला वेळ लागतो.